हुकुमावाचून कारभार : हौशी नाट्यसंस्थांच्या कारभाऱ्यांसाठी प्रस्तावना

मराठी रंगभूमीविषयी जे विपुल लेखन गेल्या शतकात झाले त्यात नाटककार आहे, नट आहे, दिग्दर्शक आहे, संगीतकार आणि नेपथ्यकारही आहे. परंतु ज्या गृहस्थाने सभागृहाचे भाडे मुदतीत भरले, परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आणले, टेम्पोवाल्याशी घासाघीस केली, रुसलेल्या नायिकेच्या घरी जाऊन तिच्या आईची समजूत घातली आणि तिसरी घंटा झाल्यावर विंगेत उभे राहून नाटकाचा एकही अंक सलग पाहिला नाही, त्या गृहस्थाला या वाङ्मयात बहुधा ऋणनिर्देशाच्या शेवटच्या ओळीत, 'ज्ञात-अज्ञात सहकारी' या सामुदायिक नावाखाली, जागा मिळते. पुढील पाने त्याच्यासाठी लिहिली आहेत. आणि हे काम अलीकडे अनेक ठिकाणी स्त्रियाच अधिक चोखपणे करीत असल्यामुळे, तिच्यासाठीही. त्याला किंवा तिला येथे सर्वत्र कारभारी म्हटले आहे. नाटक कसे लिहावे, कसे बसवावे, प्रकाश कोठून टाकावा याची चर्चा या पुस्तकात नाही. ज्यांना आपण एक छदामही देत नाही अशा वीस-पंचवीस माणसांना तीन महिने एका कामावर कसे धरून ठेवावे, आणि प्रयोग संपल्यावर ती पुन्हा येतील असे कसे वागावे, एवढाच याचा विषय आहे.

व्यवसाय म्हणून चालणाऱ्या नाटकात हा प्रश्न निदान वरवर पाहता सोपा असतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले तेव्हा राजाज्ञा पाठीशी होती. पुढे किर्लोस्कर, गंधर्व आदी मंडळ्यांची बिऱ्हाडे गावोगाव फिरू लागली तेव्हा मालक होता, पगार होता आणि पंगतही होती. आणि आजच्या व्यावसायिक रंगभूमीवर प्रत्येक प्रयोगामागे नटाच्या हाती जे मानधन पडते, ज्याला त्या धंद्यात नुसते 'नाईट' म्हणतात, ते वेळेवर येण्याची आणि संवाद पाठ असण्याची निम्मी हमी आपोआप देऊन टाकते. हौशी संस्थेत नाईट नाही. चहा आहे, तोही कित्येकदा ज्याने आणला त्याच्याच खिशातला. येथे कोणाला हुकूम करता येत नाही, कारण हुकूम न मानल्यास कापायला पगारच नाही. 'बिनपगारी, फुल अधिकारी' हे वाक्य आपण थट्टेने उच्चारतो; हौशी संस्थेत मात्र ते शब्दशः खरे असते, कारण ज्याला पगार नाही त्याला उद्यापासून न येण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि तो अधिकार तो कसलीही पूर्वसूचना न देता बजावतो.

मग तो येतो तरी का? या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडील संस्थाचालक फार उदात्त शब्दांत देतात. निष्ठा, त्याग, कलेची सेवा हे शब्द वार्षिक सभेत ठीक दिसतात, पण ज्याच्याविषयी ते उच्चारले जातात त्याला ते बहुधा ओळखीचे वाटत नाहीत. कारखान्यात दिवसभर यंत्रावर उभा राहून जो मनुष्य अशा वस्तूचा एक तुकडा घडवतो की जी संपूर्ण वस्तू त्याच्या दृष्टीस कधी पडत नाही, तोच मनुष्य रात्री समाजमंदिरात येऊन नेपथ्याच्या दरवाजाला बिजागऱ्या बसवतो, आणि प्रयोगाच्या दिवशी त्याच दरवाजातून नायकाचा बाप घरात शिरतो तेव्हा आपल्या बायको-मुलांसह प्रेक्षागृहात बसून तो दरवाजा कुरकुरत नाही ना एवढेच पाहत राहतो. त्याचे वेतन त्याला मिळालेले असते. ते पैशात नसले तरी वेतनच आहे, आणि कोणत्याही वेतनाप्रमाणे ते थकवले तर माणूस काम सोडतो. स्वतःचे म्हणता येईल असे एक निश्चित काम, त्या कामापुरती निर्विवाद मुखत्यारी, आणि संस्थेत काय चालले आहे हे विचारल्यावाचून कळण्याचा हक्क, या रूपाने ते द्यावे लागते. माझ्या मते कारभाऱ्याचे सारे कौशल्य हे वेतन न थकवण्यात आहे. बाकीचे गुण असले तर उत्तम, नसले तरी अडत नाही.

ही पाने बुवापाड्यात बसून लिहिली गेली याचा त्यांच्या मजकुराशी निकटचा संबंध आहे. अंबरनाथच्या पश्चिमेकडील ही वस्ती, आणि एकंदर हा उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरचा पट्टा, कोणत्याही अर्थाने नाट्यपंढरी नव्हे. शके ९८२ मधील शिवालय येथे आहे आणि महाशिवरात्रीच्या जत्रेत हजारोंच्या रांगा लावण्याचे काम करणारे स्वयंसेवकही पिढ्यानपिढ्या आहेत. परंतु आधुनिक अंबरनाथ घडवले ते स्वीडिश भांडवलावर उभ्या राहिलेल्या विम्कोच्या आगपेट्यांच्या कारखान्याने, सरकारी शस्त्रास्त्र निर्माणीने आणि मागाहून आलेल्या औद्योगिक वसाहतीने. शेजारचे उल्हासनगर फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत आसरा घेतलेल्या सिंधी निर्वासितांनी उभारले. कोकणातला, देशावरचा, खानदेशातला आणि परप्रांतातला मनुष्य येथे एका गल्लीत राहतो. कोणाची पहिली पाळी, कोणाची तिसरी. उरलेला निम्मा गाव पहाटेच्या लोकलने साठेक किलोमीटरवरच्या मुंबईला जातो आणि दिवेलागणी उलटून गेल्यावर परततो. अशा ठिकाणी 'सर्वांनी सात वाजता हजर राहावे' असे फर्मान काढणारा कारभारी दुसऱ्या आठवड्यात एकटाच हजर असतो. येथली तालीम रात्री साडेनऊला सुरू होते. पाळीवाल्या नटाच्या जागी त्या आठवड्यापुरता दुसरा कोणी वही हातात घेऊन उभा राहतो. आणि मध्य रेल्वेवर कोठे ओव्हरहेड वायर तुटली की दुसऱ्या अंकाऐवजी तिसरा घेतला जातो. वेळापत्रक माणसांवर लादायचे नसून माणसांच्या वेळांतून ते काढायचे असते, हे मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांना चिंतनाने कळले असेल. येथे ते रेल्वेने शिकवले.

नाट्यगृहही वर्षानुवर्षे हाताशी नव्हते. मोठ्या प्रयोगासाठी कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर किंवा थेट ठाण्याचे गडकरी रंगायतन गाठावे लागे; म्हणजे टेम्पो आला, हमाली आली, आणि परतीच्या गाडीचा घोर आला. नेपथ्याची बहुतेक सामग्री गल्लीतूनच उभी राहते. येथे एका वहीविषयी सांगितले पाहिजे, कारण या पुस्तकातील अर्धे शहाणपण त्या वहीत आहे. साधी, दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची ही उसनवारीची वही. डाव्या बाजूस वस्तू : पितळी समई, लोखंडी ट्रंक, लंबकाचे घड्याळ, नऊवारी लुगडे, बाजले. पुढे ती कोणाच्या घरची, कोणी आणली, कोणत्या स्थितीत आणली. आणि उजव्या बाजूस परतीची तारीख व देणाऱ्याची सही. 'समईची एक वात-चोच आधीच वाकडी' अशी नोंद त्यात सापडते, आणि ती नोंद ज्याने केली त्याला कारभाराचे मर्म कळले होते यात मला शंका नाही. प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत समई घासूनपुसून घरी पोचली, तर ती मावशी पुढल्या वर्षी समई तर देतेच, शिवाय धाकट्या मुलीला तालमीला पाठवते. समई महिनाभर संस्थेच्या पोटमाळ्यावर पडून राहिली तर त्या गल्लीतली पाच घरे बंद होतात. समाज जोडणे वगैरे ज्याला म्हणतात ते व्यवहारात या वहीच्या उजव्या रकान्यात घडते.

मोठ्या उदाहरणांकडे वळायचे तर पहिले नाव 'आविष्कार'चे घ्यावे लागते. विजय तेंडुलकर, विजया मेहता, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू यांच्यासारखी माणसे ज्या 'रंगायन'मध्ये १९६० पासून एकत्र आली होती, तेथील मतभेदांतून बाहेर पडून अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे प्रभृतींनी १९७१ साली ही संस्था स्थापन केली. तिच्या पदरी ना नाट्यगृह होते ना भांडवल. दादरच्या छबिलदास मुलांच्या शाळेत सुलभाताई शिक्षिका होत्या. त्या शाळेचे सभागृह १९७४ मध्ये प्रयोगांसाठी मिळाले, आणि पुढे दीड दशकाहून अधिक काळ मराठी प्रायोगिक नाटकाचा पत्ता 'छबिलदास' हाच राहिला. फिरता रंगमंच नाही, उंची पडदा नाही, खाली गल्लीत बटाटेवड्यांचा घमघमाट, आणि वर शाळेच्या खोलीवजा दालनात पाहणारा व करणारा यांच्यात हातभर अंतर.

या चळवळीचे गुणगान नाटकांच्या नावांनी पुष्कळ झाले आहे. कारभाराच्या दृष्टीने तिच्यातली थोर गोष्ट वेगळीच आहे : हाती आलेली ही दुर्मीळ जागा आविष्कारने स्वतःपुरती राखून ठेवली नाही. अमोल पालेकरांची 'अनिकेत', सत्यदेव दुबे यांची नाटकवेडी मंडळी आणि कितीतरी नवखे गट तेथे प्रयोग करू शकले. ज्याच्या हातात किल्ली असते त्याला दार आपल्याच मंडळींसाठी उघडण्याचा मोह होतो. आपल्या गावागावांतील सभागृहांचा, वाचनालयांचा आणि आखाड्यांचा इतिहास या मोहाने भरलेला आहे. छबिलदासमध्ये तो आवरला गेला, म्हणून तेथे एका संस्थेच्या जागी एक बिरादरी तयार झाली. आजच्या गटाचा नट उद्याच्या गटाच्या प्रयोगाला खुर्च्या मांडू लागला, आणि कोणती खुर्ची कोणी मांडली याचा हिशेब ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही.

त्या खुर्च्यांच्या मागे अरुण काकडे उभे होते. नाट्यवर्तुळात ते सर्वांचे काकडेकाका. लेखक, नट किंवा दिग्दर्शक म्हणून त्यांची ओळख नव्हती. ते संघटक होते, आणि 'रंगायन'च्या काळापासून २०१९ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी तेच काम केले. अरविंद देशपांडे १९८७ च्या जानेवारीत गेले, छबिलदासचे दिवस संपले, संस्थेचे बिऱ्हाड माहीमच्या महापालिका शाळेत हलले. तरी दरसाल अरविंद देशपांडे स्मृती नाट्यमहोत्सव होत राहिला, नव्या मुलांना तालमीची जागा मिळत राहिली, आणि महेश एलकुंचवारांची 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' व 'युगान्त' ही तिन्ही नाटके सलग करण्याचा, चंद्रकांत कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेला, घाट १९९४ मध्ये याच निष्कांचन संस्थेने घातला. तासनतास चालणारा असा प्रयोग म्हणजे पडद्यामागच्या माणसांच्या सहनशक्तीची परीक्षाच; जेवणाची, झोपेची, घरी सोडण्याची व्यवस्था कोणीतरी आधी मनात पुरी करून ठेवल्यावाचून तो उभा राहत नाही. २०१४ साली पंढरपूरच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद काकड्यांना देण्यात आले. संघटकाला अध्यक्षाच्या खुर्चीत बसवण्याचे शहाणपण आपल्या संमेलनांना फार क्वचित सुचते.

दुसरे उदाहरण फुटीचे आहे, आणि ते वगळून हा विषय सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुण्याची प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन १९५१ पासून भालबा केळकरांच्या नेतृत्वाखाली नावारूपास आली. डॉक्टर श्रीराम लागू तेथलेच. १९७२ च्या डिसेंबरात या संस्थेने तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' केले; त्यावर वादळ उठले, आणि एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेच्या धुरीणांनी ते थांबवले. वयाने तरुण असलेला सगळा संच बाहेर पडला आणि २७ मार्च १९७३ रोजी थिएटर अ‍ॅकॅडमीची स्थापना झाली. त्या संचाचे व्यवसाय पाहण्याजोगे आहेत : दिग्दर्शक जब्बार पटेल दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवून पुण्याला तालमीसाठी येत, नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे मानसोपचाराचे डॉक्टर, सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत. नाटकावर कोणाचेच पोट नव्हते. आणि जे नाटक घेऊन ही मंडळी १९८० मध्ये युरोपात गेली त्याचा कणा कोणता होता? ओळीने उभ्या राहणाऱ्या ब्राह्मणांची मानवी भिंत. तिच्यात कोणाचेही नाव ठळक नाही, पण एक जण गैरहजर राहिला की भिंतीला खिंडार पडते. हौशी मंडळी इतक्या वर्षांच्या प्रयोगांत ती भिंत कशी सांभाळू शकली, याचे उत्तर मला दिग्दर्शनापेक्षा संस्थेच्या घडणीत दिसते. तेथे पाठीमागे उभा राहणारा माणूस स्वतःला दुय्यम समजत नव्हता.

या फुटीत कोणाची बाजू खरी हा निवाडा पन्नास वर्षांनी करण्यात हशील नाही. केळकरांसारख्या संस्थापकाला आपल्या संस्थेची काळजी वाटणे स्वाभाविक होते, तसेच तरुणांना आपल्या नाटकाची. लक्षात घेण्यासारखे हे की जाणारे भांडून बसले नाहीत, कोर्टकचेरीत वर्षे घालवली नाहीत. त्यांनी नव्या नावाने १९७४ च्या आरंभी तेच नाटक पुन्हा उभे केले, आणि जुनी संस्थाही आपल्या वाटेने चालत राहिली. मतभेद झाल्यावर माणसाला सन्मानाने जाता यावे एवढी वाट प्रत्येक कारभाऱ्याने मोकळी ठेवावी. आमच्या पट्ट्यात या वाटेऐवजी कुलूप बदलण्याची वहिवाट अधिक रूढ आहे.

कुलपांचा विषय निघालाच आहे तर कायद्याविषयी दोन शब्द. सात जणांनी एकत्र येऊन १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवणे आणि १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी तिची नोंद करणे हे काम उत्साहाच्या भरात पार पडते. परंतु कार्यकारिणी बदलली की ज्याला सर्वजण 'चेंज रिपोर्ट' म्हणतात तो अर्ज वेळेवर दाखल करण्याचा उत्साह टिकत नाही. परिणामी कागदावर पंधरा वर्षांपूर्वीचे अध्यक्ष, बँकेत एका स्वर्गवासी खजिनदाराची सही, आणि प्रत्यक्षात काम करणारी पोरे तिऱ्हाईत, अशी अवस्था होते. त्यातूनच संस्थेची वतनदारी जन्माला येते : बापाच्या नंतर मुलगा, मुलाच्या नंतर पुतण्या. या पुस्तकातील हिशेबाचे प्रकरण म्हणूनच मी सर्वांत लांब ठेवावयास सांगितले. रोजकीर्द रोज लिहावी, खतावणी महिन्याच्या महिन्यास मिळवावी, आणि प्रयोगानंतरच्या आठवड्यात जमाखर्चाचा एक कागद तालमीच्या जागी भिंतीवर डकवावा. 'चहा, रुपये साठ' हे ज्याला वाचता येते तो मनुष्य संस्थेच्या पैशाविषयी पाठीमागे कुजबुजत नाही.

ज्या मातीत हौशी कार्यकर्ता घडतो तिच्याविषयी एवढेच सांगतो की ती आपल्याकडे कमी नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांतून निळू फुले आले, राम नगरकर आले. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासकने १९६३ पासून चालवलेल्या पुरुषोत्तम करंडकात भाग घेणारी मुले स्पर्धा संपली तरी त्या वातावरणातून सुटत नाहीत, आणि पुढच्या पिढीच्या संघांच्या मागे उभी राहतात. १९५४ पासूनच्या राज्य नाट्य स्पर्धेने आणि कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धांनी तर कारखान्यांच्या वसाहतीत, जेथे कोणी कधी नाटकाचे पुस्तक उघडले नसते, तेथे नट तयार केले. गणेशोत्सवाच्या मंडळात मांडव घालताना जो पोरगा सुतळीची गाठ मारायला शिकला तो विंगा बांधायला निराळे काय शिकणार? त्याला फक्त कोणीतरी बोलावले पाहिजे, आणि बोलावून काम सोपवले पाहिजे. 'बाळा, पडदा तुझा. मी विचारायला येणार नाही,' असे एका कारभाऱ्याने एका लाजऱ्या मुलाला सांगितलेले मी ऐकले आहे. 'बरं काका,' एवढेच तो म्हणाला. त्या नाटकाच्या तालमींना सर्वांच्या आधी येणारा तो होता, आणि पडद्याच्या दोरीला मेण त्याने आपण होऊन लावले.

याच्या उलट जे चालते त्याचा मला मनस्वी कंटाळा आहे. प्रयोग संपताच शाल-श्रीफळांचा जो सोहळा होतो त्यात देणगीदार, नगरसेवक आणि त्यांचे मित्र यांचे सत्कार तासभर चालतात, आणि तेवढा वेळ सेट उतरवणारी मुले स्टेजच्या मागे हातोड्या धरून खोळंबलेली असतात, कारण नाट्यगृहाची मुदत संपत आलेली असते. आभार मानायचेच तर काम झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याच्या घरी जाऊन, त्याच्या आईसमोर मानावेत. तसेच हल्ली तालमीच्या सूचना व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकून मोकळे होण्याची रीत पडली आहे. निरोप सर्वांना पोचतो हे खरे. परंतु चाळीस जणांना एकदम सांगितलेले काम कोणा एकाचे होत नाही. ज्याच्याकडून काम हवे त्याला फोन करावा, त्याहून बरे म्हणजे त्याच्या दारात जावे.

स्त्री-सभासदांविषयीचे प्रकरण या पुस्तकात एका अनुभवी भगिनीने लिहिले आहे आणि त्यात भर घालण्याची माझी योग्यता नाही. एवढेच नोंदवतो की साडेनऊच्या तालमीतून साडेअकराला सुटणारी मुलगी घरी कशी पोचणार हा प्रश्न कारभाऱ्याने पहिल्या वाचनाच्या दिवशीच सोडवला पाहिजे, आणि उत्तर तिच्या घरच्यांना स्वतः सांगितले पाहिजे. या वस्तीत कित्येक चांगल्या नटी अभिनयाअभावी नव्हे, त्या उत्तराअभावी गमावल्या गेल्या आहेत.

पुस्तकाच्या क्रमाविषयी थोडे. पहिली प्रकरणे माणसे गोळा करण्याची, मधली तालमीच्या काळातील, आणि शेवटची प्रयोगानंतरच्या दोन आठवड्यांची आहेत. घाई असेल त्याने शेवटची आधी वाचावीत, कारण संस्था मोडतात त्या प्रयोगाच्या आधी क्वचित, नंतरच बहुधा. ज्यांच्या संस्थेला दहा वर्षे होऊन गेली आहेत अशा कारभाऱ्यांना एक विनंती आहे. वाचन पुरे झाल्यावर संस्थेच्या दप्तरातून कार्यकारिणीची यादी काढून तिच्यातील सर्वांत तरुण सभासदाचे वय पाहावे. ते पस्तिशीच्या वर निघाले तर येत्या वार्षिक सभेत खजिनदारीची वही आणि कपाटाची किल्ली विशीतल्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती द्यावी, बदलाचा अर्ज त्याच महिन्यात धर्मादाय कार्यालयात दाखल करावा, आणि पुढच्या प्रयोगाला तिकीट काढून प्रेक्षागृहात बसावे.